लाकडाच्या वाट्याआधी आलेली बाई

सप्टेंबरात, जंगलातल्या लाकडाच्या चिठ्ठ्या निघायला आठ दिवस उरले असताना ती बाई गावात उतरली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. उत्तरेकडची, विद्यापीठातली. आमच्याकडे पदवी घेतलेला प्रत्येक जण डॉक्टर, म्हणून ती डॉक्टरीणबाई. हातात मुठीएवढा रेकॉर्डर आणि चित्रांचा गठ्ठा. एक पाय, दोन पाय. एक महिना, दोन महिने. काय म्हणता ते सांगा. आमच्या बोलीत शब्दांची शेपटं कशी गळली आणि एक की अनेक हे सांगायचा सगळा भार मधल्या स्वरावर कसा पडला, हे म्हणे तिला लिहायचं होतं. एवढ्यासाठी कोणी अख्खा देश ओलांडून येतं? आणि उतरली कुठे, तर लाकूड समितीचा प्रमुख विताल्यानो, त्याच्याच घरी.

आमच्या पिएत्रामारा गावात दर घराला जंगलातल्या ओकच्या लाकडाचा एक वाटा मिळतो; कोणता, ते चिठ्ठी काढून ठरतं. पण नवरा-बायको दोघंही गावच्या रक्ताची हवीत. दरीपलीकडच्या आक्वालेन्ताचं माणूस घरात असेल तर वाटा बंद, कारण आमच्या आजोबांच्या काळात त्या लोकांनी रातोरात आमची झाडं तोडून नेली होती. माझी बायको इंकोरोनाता आक्वालेन्ताची. आम्ही भेटलो स्वित्झर्लंडमधल्या घड्याळांच्या कारखान्यात, लग्नही तिथेच केलं. गावी परतलो तेव्हा मी ठोकून दिलं, की ही आपल्याच गावातून तिकडे गेलेल्या कुटुंबातली, फक्त जन्म परदेशात झाला. एक्केचाळीस वर्षं ते खपून गेलं.

खपलं, कारण मी पहारा दिला. एक दात दोन्ही गावांत 'देन्त'च. पण अनेक झाले की आम्ही म्हणतो 'दिएन्त' आणि ते म्हणतात 'दीन्त'. असे शेकडो शब्द. म्हणून चारचौघांत कोणी इंकोरोनाताला काही विचारलं की उत्तर मीच देऊन मोकळा व्हायचो. तिच्या दाढा ठणकल्या तेव्हा दवाखान्यातसुद्धा मीच बोट दाखवून सांगितलं, हा दात, आणि हा, आणि पलीकडचा तो. गावातल्या बायका हसायच्या, की कान्यो बायकोचा घासही स्वतःच चावत असेल. हसोत बापड्या. जानेवारीत चूल थंड पडली असती तर त्या येणार होत्या का शेक द्यायला?

डॉक्टरीणबाई आमच्या दारात आली तेव्हा मी सांगितलं, हिचा घसा बसलाय. ती गोड हसली आणि तिने विचारलं, यांच्या आई मूळच्या कुठल्या? भाषेच्या अभ्यासाला माणसाची आई कशाला लागते? तिच्या उघड्या वहीत गावाचा नकाशा होता, घराघरावर लाल ठिपका आणि आमच्या घरावर प्रश्नचिन्ह. त्यानंतरचे पाच दिवस मी तिच्या मागे मागे फिरलो. ती कुणाच्या घरी किती वेळ बसते, बाहेर येऊन काय लिहिते, विताल्यानोच्या कानाशी कधी लागते, सगळ्यावर डोळा ठेवला. इंकोरोनाताला बजावलं, मी नसताना दार उघडायचं नाही. ती काहीच बोलली नाही. मला ते बरं वाटलं.

चिठ्ठ्यांच्या आदल्या दिवशी मी द्राक्षमळ्यातून लवकर परतलो, तर घराला कुलूप. धावत विताल्यानोच्या अंगणात गेलो. वाळत घातलेल्या मिरच्यांच्या माळांखाली इंकोरोनाता खुर्चीत आरामात बसली होती, समोर रेकॉर्डर चालू, आणि ती काहीतरी सांगत होती, हातवारे करून, भडाभडा. बाजूला विताल्यानो शेंगा सोलत होता.

माझा धीर सुटला. "हिचा काही दोष नाही," मी म्हणालो. "खोटं मी बोललो. वाटा काढून घ्यायचा तर घ्या, पण हिला बोल लावू नका."

विताल्यानोने शेंग खाली ठेवली. "अरे कान्यो, पहिल्या आठवड्यात हिने पावाच्या भट्टीवर तोंड उघडून दोन पाव मागितले, तेव्हाच सगळ्या गावाला कळलं होतं. माझा बाप तेव्हा समितीत होता. म्हणाला, बाई संसार करायला आलीय, कुऱ्हाड घेऊन नाही. वाटा चालू ठेवा."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"मला सांगितलं होतं," इंकोरोनाता म्हणाली. "भट्टीवालीनं, पहिल्याच हिवाळ्यात."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"वाट बघत होते. तू कधी गप्प बसतोस याची."

मला राग आला आणि लाज वाटली. त्यातलं जास्त काय होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाई बिचारी अवघडली. तिने घाईघाईने कागद पुढे ओढला आणि रीतीप्रमाणे माहिती विचारायला घेतली. जन्मगाव?

"आक्वालेन्ता," इंकोरोनाता म्हणाली.

आईचं नाव?

"कोन्सोलाता," मी म्हणालो. सवयच ती.

इंकोरोनाता माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. "ती तू रचलेली बाई. माझ्या आईचं नाव सांग. लग्नाच्या कागदावर तुझ्याच हाताने लिहिलं होतंस."

मी आठवायला लागलो. कोन्सोलाताचं सगळं आठवत होतं. ती कुठल्या गल्लीत राहायची, तिला दमा होता, ती कोणत्या वर्षी वारली. खरीचं काहीच आठवेना. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती आणि रेकॉर्डर चालूच होता.