वाकून जायची तुळई

इंग्लंडातल्या सफक परगण्यात गॅरोडांच्या शेतघराचा सांगाडा ओकच्या लाकडांचा. खांबांच्या मधे कामट्या विणून वर माती लिंपलेली. माडीवर निजायच्या खोलीत शिरताना एक आडवी तुळई लागायची, थेट कपाळाच्या उंचीवर. गॅरोडांच्या किती पिढ्या तिच्याखालून वाकून निजायला गेल्या, देव जाणे.

डॉर्कस लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी कपाळमोक्ष झाला.

"कापून टाक ती!"

"अगं, दोन भिंतींनी एकमेकींचे हात धरलेत ते," तिचा नवरा अँब्रोज हसला. "वरून छप्पर त्यांना बाहेर लोटतंय. हात सुटले की गेल्या दोघी दोन दिशांना. जरा मान वाकव की! चर्चमध्ये वाकवतेस ना?"

"तिथे देव असतो. इथे नुसतं लाकूड आहे."

माणसाची मान मोठी महाग वस्तू बघा! एका वर्षी ईस्टरआधीच्या उपवासात गावाने लोणी सोडलं, केक सोडला. डॉर्कसने नवऱ्याशी बोलणं सोडलं. बिचारा कोंबड्यांशी बोलत हिंडला. ईस्टरच्या आदल्या दिवशी मुकाट्याने करवत घेऊन वर गेला. संध्याकाळी ती ताठ मानेने खोलीत शिरली आणि म्हणाली, "बघ, पडलं का घर?"

अँब्रोज कपड्यांवरचा लाकडाचा भुसा झाडत राहिला.

घर पडलं नाही. नुसतं फाकत गेलं, वर्षानुवर्षं. अँब्रोज गेला, आणि पाठोपाठ त्याच खोलीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली.

आज रूबेन सुतार ओळंबा सोडून भिंत किती कलली ते बघत होता आणि डॉर्कस दारात जीव मुठीत धरून उभी होती. माडी उतरवावी लागली तर? अँब्रोजने शेवटचा श्वास घेतला त्याच पलंगावर तिला डोळे मिटायचे होते.

"वाचेल, काकू," रूबेन म्हणाला. "पण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी सळई ताणावी लागेल."

"कुठून?"

"तुळई होती तिथूनच. दुसरीकडे जोर लागायचा नाही. वाकावं लागेल हं. कंबर ऐकेल ना तुमची?"

"कंबर तेव्हाही ऐकायची रे," डॉर्कस म्हणाली. "मीच ऐकलं नाही."

सळई बसली त्या संध्याकाळी ती दिवा घेऊन वर आली. भिंतीतून तुळईचं कापलेलं टोक अजून डोकावत होतं. त्यावर तिने तळवा टेकला आणि वाकली. वाकावं लागत होतं त्याहून जरा जास्तच.

पलीकडे गेल्यावरही तिची मान बराच वेळ वर झाली नाही.