दिवस मावळायच्या आत

"राहीबाई, रातची गोळी खाता का न्हाई?" रामगोंडाने गिरणीच्या घरघरीवरून ओरडून विचारलं.

"कसली वो अण्णा?"

"बीपीची! रातची!"

दळणाच्या रांगेतल्या चारही बायकांनी ऐकलं. गिरणीत कुजबुजून बोलायची सोयच नसते, तिथे गुपितसुद्धा बोंबलूनच सांगावं लागतं. राहीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्याही तितक्याच जोरात ओरडल्या, "न्हाई! दिवस मावळल्यावर मी पाणीबी तोंडात घेत न्हाई, गोळी कुठली?"

रामगोंडाने दाराच्या फळीवर खडूने रेघ मारली. आठवड्यातली ती एकोणिसावी होती.

रामगोंडा मगदूम अडतीस वर्षं तासगावच्या बाजूच्या या गावाचं पीठ दळत होता. कुणाकडे पाहुणे आलेत आणि कुणाच्या घरात सासू-सुनेच्या चुली वेगळ्या झाल्यात, हे त्याला दळणावरून कळायचं. पण कळलेलं पोटात ठेवायची त्याला सवय होती. म्हणूनच गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या समितीवर रुग्णांतर्फे एक माणूस हवा होता, तेव्हा सरपंचांनी त्याचं नाव घातलं. "अण्णा कवा भांडत न्हाईत," असं ते म्हणाले होते. दोन वर्षं रामगोंडाने बैठकीत चहा घेतला, सही केली आणि तो गिरणीत परतला.

गेल्या मंगळवारच्या बैठकीत मात्र चहा तसाच राहिला. डॉक्टर दीपाली दर मंगळवारी गावात येऊन बीपी तपासायच्या, गोळ्या द्यायच्या. त्या दिवशी त्यांनी रजिस्टर मिटलं आणि सरळच सांगितलं.

"मी दोनदा डोस वाढवला, तरी या गावाचं बीपी खाली येत नाही. लोक मनापासून औषध घेत नसतील, तर हा मंगळवार मी शेजारच्या गावाला देते. पुढच्या मंगळवारी पुन्हा बसून ठरवू."

मोठं आरोग्य केंद्र बारा किलोमीटरवर होतं, आणि तिकडे जायला सकाळची एकच एसटी. गुडघे धरून चालणारी म्हातारी माणसं तिथे जायची नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळे मिठाची गुळणी धरून बसले. त्यात रामगोंडाही होता, आणि खरं कारण तर त्याला तीन वर्षांपासून माहीत होतं.

निम्मं गाव जैनांचं. म्हाताऱ्याकोताऱ्यांचा नेम कडक, सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही. कार्डावर लिहिलेलं असायचं, 'सकाळी एक, रात्री एक'. सकाळची पोटात जायची, रात्रीची डब्यात जायची. दीपालीबाईंच्या आधीच्या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्याला भर रांगेत झापलं होतं, "जीव मोठा की नेम मोठा?" त्या दिवसापासून गावाचं ठरूनच गेलं, अळीमिळी गुपचिळी. गोळ्या घेता का विचारलं की 'व्हय' म्हणायचं.

रामगोंडाची बायको त्रिशलाही तसंच म्हणायची. दिवाळीनंतर एका सकाळी तिच्या हातातला तांब्या पडला आणि उजवं अंग लुळं झालं. सांगलीच्या दवाखान्यात विचारलं, "गोळ्या वेळेवर चालू होत्या?" रामगोंडा म्हणाला, "व्हय." ते एवढंसं उत्तर त्याला अजून झोपू देत नव्हतं.

म्हणून त्याने आठवडाभर पिठाबरोबर गावाचं खरंही दळून घेतलं.

मंगळवारी बैठक सुरू झाली आणि रामगोंडा उभा राहिला. शेजारी बसलेले आकाराम सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, जिभेने अजून सेवेत. ते म्हणाले, "अण्णा बोलणार? आज सूर्य कुठनं उगवला रं गड्या?"

"सुभेदार, त्या सूर्याचंच सांगायचंय," रामगोंडा म्हणाला. त्याचा आवाज गिरणीच्या सवयीने जरा मोठाच निघाला. "मॅडम, या गावात रातची गोळी एकतीस जणांना हाय. तेवीस जण ती खात न्हाईत. मी एकेकाला इचारलंय. आमी दिवस मावळल्यावर पाणीबी घेत न्हाई. मग गोळी कशी घेणार?"

डॉक्टर दीपालींनी पेन खाली ठेवलं. "मग मी विचारायची तेव्हा सगळे हो का म्हणायचे?"

"तुमी बोलशिला म्हणून. आन् तुमाला वाईट वाटंल म्हणून." आपलेच दात, आपलेच ओठ. पण आता मागे फिरणं नव्हतं. "माज्या घरातबी तसंच व्हतं. त्रिशला खात नव्हती, मला म्हाईत व्हतं, आन् मी खोटं बोललो. कवा घेता, कशी घेता, ते तुमी इचारलं न्हाई, आन् आमी सांगितलं न्हाई. दोघांचंबी चुकलं, मॅडम. भोगलं तिनं."

आकाराम सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अण्णा," डॉक्टर हळू म्हणाल्या, "ही गोळी सायंकाळी पाचला घेतली तरी चालते."

"पाचला? उजेडी?" रामगोंडाने विचारलं.

"सगळ्याच औषधांचं तसं नसतं. प्रत्येकाचं वेगळं पाहावं लागेल. आणि मी वाढवलेले डोसही आधी तपासायला हवेत, नाहीतर दोन्ही गोळ्या सुरू झाल्या की बीपी एकदम उतरेल." त्यांनी रजिस्टर पुन्हा उघडलं. "मंगळवार कुठे जात नाही. पण कार्डावर काय लिहायचं ते तुम्ही सांगा."

"रात्र खोडा," रामगोंडा म्हणाला. "'दिवस मावळायच्या आत' लिवा. आन् नव्या माणसाला आधी इचारा, सांजचं जेवता कवा."

"आन् आमच्यासारक्यांचं?" आकाराम म्हणाले. "आमी तर रातच्या धाला जेवतो."

"तुमचं तुमी सांगा की सुभेदार, तोंड हाय की तुमाला!"

सगळे हसले. त्या दिवशी समितीने पहिल्यांदाच चहाच्या आधी ठराव लिहिला. बैठक संपल्यावर डॉक्टर रामगोंडाच्या घरी आल्या, त्रिशलाला तपासलं, तिच्या गोळ्या पाहिल्या आणि तिच्या कार्डावरची 'रात्र' स्वतःच्या हाताने खोडून गेल्या.

पाच वाजता रामगोंडाने गिरणी बंद केली. त्रिशला अंगणात खुर्चीवर बसली होती. त्याने तिला आमटीत कुस्करलेली भाकरी भरवली आणि तोंड पुसलं. मग शेजारी पाटावर बसून बैठकीत काय काय बोललो ते सगळं सांगितलं, स्वतःच्या खोटेपणासकट.

त्रिशलाचे शब्द आता सावकाश यायचे, जड यायचे.

"म्हंजी... ही गोळी... आदीबी... उजेडी चालत व्हती?"

रामगोंडाला मान वर करवेना. "व्हय," तो म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

तिने परसातल्या नारळाकडे पाहिलं, शेंड्यावर ऊन अजून होतं. मग तिने डावा हात पुढे केला.

"द्या."

त्याने गोळी तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला तिच्या ओठांशी न्यायला उचलला. तिने मान हलवून त्याला थांबवलं. गोळी जिभेवर ठेवली, पेला स्वतःच्या डाव्या हातात घेतला आणि थोडं पाणी पदरावर सांडत ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.