पॉपलरवरचा आळ

ज्याने तोलकिन-अकाच्या हातचा ओश खाल्ला, त्याने त्याच्या शिव्याही खाल्ल्या. मांस, गाजर आणि भाताची ती भलीमोठी कढई उघडली की माणसं तुटून पडायची. पण एखाद्याने घास उतरवायला गार पाण्याचा पेला उचलला, की अका पळी घेऊन धावलाच म्हणून समजा. "अरे गाढवा, दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी आहे ती! वर थंड पाणी ओतलंस तर पोटात दगड होईल दगड! चहा घे, कढत चहा!" ताश्कंदच्या त्या जुन्या मोहल्ल्यात अशी बोलणी न खाल्लेला माणूस शोधून सापडला नसता.

मुहय्योलाही भाचीच्या लग्नात हा प्रसाद मिळाला होता, आणि बाई असली गोष्ट विसरणारी नव्हती. एकोणीस वर्षं तिने इस्पितळात माणसांच्या घशातून दुर्बिणीची नळी आत घातली. नोकरी सोडली तेव्हा कॅमेरा लावलेली साठ मीटरची केबल विकत घेतली आणि घरांच्या घशात घालायला सुरुवात केली. लोक तिला पाठीमागे 'गटाराची डॉक्टरीण' म्हणत. ती ते तोंडावरही म्हणू देई. पोटात बघितल्याशिवाय दुखणं सांगायचं नाही, हा तिचा इस्पितळातला नियम, आणि तो तिने इथेही सोडला नव्हता.

म्हणूनच तोलकिन-अकाचा फोन आला तेव्हा तिचं डोकं फिरलं.

"मुहय्यो-ओपा, दुखणं मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "दोन महिने माझी मोरी तुंबतेय. शेजारच्या होसियत-खोलाच्या पॉपलरची मुळं पाइपात शिरलीत. तुम्ही फक्त त्यांचं चित्र काढून द्या, म्हणजे म्हातारीचं तोंड बंद होईल."

"चित्र काढायला फोटोवाल्याला बोलवा, अका. मला बोलवलंत तर मी तपासणार."

"तपासा की! सूर्यावर काय झाकण पडणार आहे?"

सकाळी दहाला ती पोहोचली तेव्हा अका यांत्रिक करवत घेऊन कमरेएवढ्या सामायिक भिंतीपाशी उभाच होता. भिंतीच्या पलीकडे, होसियत-खोलाच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या होसियत मावशीच्या अंगणात, सात पॉपलर ओळीने उभे होते. पहिल्याच्या बुंध्यात बोटभर खोल ताजी खाच पडलेली. त्या खाचेला पाठ लावून म्हातारी ठेंगण्या स्टुलावर बसली होती. शेजारी चहाची किटली, मांडीवर प्याला. मोहल्ल्याचे वडीलधारे मिरवली-ओता काठीवर हनुवटी टेकून दोघांच्या मध्ये उभे होते. झाडं राहणार की पडणार, ते त्यांच्या शब्दावर होतं.

"मी पाठ लावली नसती तर एव्हाना पहिलं आडवं झालं असतं," खोला म्हणाली. "माझा शेरअली जन्मला त्या आठवड्यात त्याच्या बापाने ही लावली, बाई. पोराच्या घराच्या वाशांसाठी. बाप गेला. पोरगा कोरियात जहाजांच्या कारखान्यात. दर फोनला विचारतो, 'आई, माझं छप्पर किती उंच झालं?' शरद ऋतूत येऊन घर बांधणार आहे. झाडंच गेली तर तो कशाला येईल?"

मुहय्योला एकदम गलबलून आलं. तिने ते लपवलं नाही, म्हातारीचा हात धरून दाबला. पण खोटा दिलासाही दिला नाही. "खोला, मुळं असतील तर मी मुळं आहेत असंच सांगेन."

"सांग. पण बघून सांग." खोलाने चहा ओतला. मुहय्योला अर्धा प्याला दिला, ओतांना अर्धा, आणि तोलकिन-अकाला काठोकाठ भरून दिला. अर्धा प्याला म्हणजे बसा, पुन्हा ओतते. काठोकाठ म्हणजे प्या आणि चालू लागा. अकाचे कान लाल झाले, पण चहा नाकारायची पद्धत नाही, म्हणून तो तोंड भाजत प्यायला.

पाइप अकाच्या अंगणातून निघून भिंतीच्या कडेने, पॉपलरच्या पायाखालून, रस्त्याकडे जात होता. अकाच्या मोरीत पाणी उभं होतं, तिथून घातलं असतं तर कॅमेऱ्याला गढूळ पाण्याखेरीज काही दिसलं नसतं. मुहय्योने रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उचलायला लावलं आणि केबल उलटी, घराच्या दिशेने आत सोडली. अंगठ्याएवढा कॅमेरा, त्याच्याभोवती दिव्यांचं कडं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात किती मीटर आत गेला त्याचा आकडा. तिचे हात इतके सराईत होते, की केबल कशाला घासतेय ते तिला पडद्याआधी बोटांना कळायचं.

पाच मीटरवर सांध्यातून तपकिरी केसांचा झुपका लोंबताना दिसला.

"बघा! बघा ओता! मी काय बोंबलत होतो?" अकाने मांडीवर थाप मारली आणि करवत उचलली. "झालं काम. ओपा, आवरा तुमचं."

भिंतीपलीकडून खोलाचा आवाज आला, "काय दिसलं गं?"

"मुळं दिसली, खोला," मुहय्यो ओरडून म्हणाली. पलीकडे किटलीचं झाकण खाली पडल्याचा आवाज झाला.

मिरवली-ओतांनी उसासा टाकला. "मग आता काय राहिलं?"

"आता तपासणी राहिली. अका, करवत खाली ठेवा. पहिला फोड दिसल्याबरोबर नळी बाहेर काढणारा एक डॉक्टर आमच्याकडे होता. पेशंट दुसऱ्या फोडाने गेला. मला सांगा, पाणी कुठे तुंबलंय?"

"माझ्या मोरीत! दोन महिने तेच तर सांगतोय!"

"मुळांनी अडवलं असतं तर मुळांच्या मागे, घराच्या बाजूला पाणी उभं असतं की नाही?" तिने केबल पुढे रेटली. केसांतून फणी जावी तसा कॅमेरा झुपक्यातून पार झाला. "बघा ओता, पलीकडेही पाइप कोरडा ठणठणीत. सातही झाडांखालून असाच. ही मुळं नुसती उभी आहेत, अडवत कुणालाच नाहीत."

ओतांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मुहय्यो आता थांबणार नव्हती. आठ मीटर, दहा मीटर. अकरावर कॅमेरा मऊसर कशाला तरी टेकला आणि पडदा पांढराफटक झाला.

"चुना असेल," अका म्हणाला. "जुना पाइप आहे."

"असेल." कॅमेरा तिथेच ठेवून तिने ओतांच्या हातात जमिनीवरून कॅमेरा हुडकणारं शोधयंत्र दिलं. "ओता, घराकडे चालत जा. हे सगळ्यात मोठ्याने ओरडेल तिथे थांबा."

ओता काठी टेकत निघाले. पॉपलरच्या बाजूने यंत्र कुरकुरत राहिलं. भिंत संपून अकाचं अंगण लागलं, तसं ते किंचाळायला लागलं. जिथे कान फुटायची वेळ आली, तिथे तीन अजस्र कढया पालथ्या पडल्या होत्या, आणि शेजारीच कढया धुण्याच्या जागेची जाळी होती.

कुणी काही बोलायच्या आत मुहय्योने केबल बाहेर ओढली. कॅमेऱ्याच्या तोंडाला पांढरा लपका चिकटला होता. मुळांना घासूनही निघाला नव्हता. तिने तो जुन्या सवयीने जाळीदार पट्टीवर पुसला आणि पट्टी अकापुढे धरली.

"मोहल्ल्यात तुमच्यासारखं नाक नाही म्हणतात. सांगा, चुना आहे का?"

इथे दुसरा कुणी असता तर तोंड फिरवून मोकळा झाला असता. पण नाकाची गोष्ट निघाली की स्वयंपाक्याला राहवत नाही. घाणीचा भपकारा सोसून अकाने वास घेतला, डोळे मिटून पुन्हा घेतला.

"चुना कसला! दुंब्याची चरबी. सरकीच्या तेलात वितळवलेली. आणि जिरं... डोंगरातलं काळं जिरं," तो म्हणाला आणि त्याने खाडकन डोळे उघडले.

"डोंगरातलं जिरं घालणारा आपल्याकडे एकच आहे," मिरवली-ओता सावकाश म्हणाले.

"कढया कशाने धुता, अका?" मुहय्योने विचारलं.

"पाण्याने."

"कसल्या?"

अका जमिनीकडे बघू लागला. "गार. साबण आणि कढत पाणी लागलं की कढईची चव मरते. बापाने शिकवलंय."

"पाहुण्याने गार पाण्याचा पेला उचलला तर पळी घेऊन धावता, आणि पाइपाला ओशवर ओश देऊन वर्षानुवर्षं गारच पाजताय! त्याचं पोट नाही का?"

ओतांना हसू आवरेना. ते हसले आणि मग खोकले. अका काही हसला नाही. दोन महिने गल्लीत उभा राहून आपण म्हातारीला काय काय बोललो, ते त्याला एकामागून एक आठवत होतं आणि शरमेने त्याला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

मुहय्योने उपाय सांगून टाकला. आज दाबाच्या कढत पाण्याने पाइप धुवायचा. कढया धुण्याआधी कागदाने पुसून काढायच्या. जाळीखाली चरबी अडवणारी टाकी बसवायची. "आणि मुळांचा तो एक सांधा बदलून घ्या. मुळं आहेत, ते मी नाही म्हणणार नाही. पण त्यासाठी झाडाला हात लावायचं कारण नाही."

"ऐकलंस ना?" ओतांनी काठीने करवतीकडे बोट दाखवलं. "हिला घरी ठेवून ये."

अका करवत ठेवून आला तो कालव्याकाठची ओली माती बादलीत घेऊन. खोलाच्या फाटकातून खाली मान घालून शिरला. खोला स्टुलावरून उठली, बाजूला झाली. त्याने खाचेत माती दाबून भरली, वरून स्वतःचं पागोट्याचं फडकं घट्ट गुंडाळलं आणि हात न धुताच उभा राहिला.

"खोला, शेरअली येईल तेव्हा छप्पर चढायच्या दिवशीचा ओश माझा. पाचशे माणसं बोलवा." त्याचा घसा कोरडा पडला होता. "जरा पाणी द्या ना."

"पाणी?" खोलाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पाणी नको रे बाबा. आत काय काय साठलंय कोण जाणे, गोठायचं."

तिने किटली उचलली, चहा ओतला आणि प्याला त्याच्या मातीभरल्या हातात दिला. अकाने आत पाहिलं. प्याला अर्धाच भरलेला होता.