विटभट्टीकडची लाइन

अरे, तू आधी नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस.

आमचा थोरला मिस्त्री, उस्ता मुहैबिस, वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर उभा होता. एक हात टेबलावर टेकलेला, डोळे मिटत होते, तरी आकडे वाचत होता. वाफेचं टर्बाइन सकाळी नऊला ट्रिप होऊन बंद पडलेलं, ते आता गरम होत होतं, आणि इतकं हळू की बघणाऱ्याला झोप यावी. गॅसची दोन्ही मशीन चालू होती, पण त्यांची सगळी धगधगती हवा नुसती धुराड्यातून वर. खरं तर त्याच हवेवर पाणी उकळायचं, त्या वाफेवर तिसरं मशीन फिरवायचं, म्हणजे तेवढ्याच गॅसवर दीडपट करंट. ऑगस्टची दुपार, पन्नास डिग्री, आणि आमचं ते वरचं अर्धं आकाशात चाललेलं!

फोन वाजला. वीजवाटप ऑफिसातला गझवान.

“उस्ता, अजून किती? लोक माझ्या सात पिढ्या काढतायत.”

“दोन तास.”

“एकात कर ना!”

“लोखंड निवलंय, गझवान. घाई केली की शाफ्ट वाकतो. मग बस दोन महिने.”

आणि हा माणूस आदल्या संध्याकाळपासून तिथेच, बरं का! परवाच आईला पुरलं होतं त्याने. फातिह्याचा, म्हणजे शोकाच्या बैठकीचा, शेवटचा दिवस, घरासमोर मांडव, आलेल्या-गेलेल्याचं भाऊ एकटा बघतोय, आणि हा इथे. कारण सकाळी सातला त्याला सोडवायला पुढच्या पाळीचा हातिम येणार होता, तो आलाच नाही. फोनही बंद.

मी त्याच्या हाताखालचा, शेजारीच होतो. म्हटलं, “झोपला असेल हरामखोर, एसी लावून.”

“कुठल्या करंटवर?” उस्ता एवढंच म्हणाला.

मग भावाचा फोन. तो इतका ओरडत होता की मला सगळं ऐकू आलं.

“मोहल्ल्याचा जनरेटर बंद पडलाय! म्हातारी माणसं घामाने निथळत बसलीत. अख्ख्या गावाला करंट देतोस, आणि आईच्या मांडवात दोन पंखे फिरवता येत नाहीत तुला?”

उस्ताने फोन ठेवला आणि परत आकडे वाचायला लागला.

अडीचच्या सुमारास मशीनने लोड घेतला, करंट वाढला, तरी अख्ख्या गावाला पुरेल एवढा नव्हताच. गझवान फोनवर नाचायचाच बाकी होता.

“उस्ता, हात चुमतो तुझे! तुझ्या घरी फातिहा आहे ना? मोहल्ल्याची लाइन सोडतो. बोल, किती वाजता?”

“कुणाची काढून?”

“असते रे कुणाची तरी.”

“कुणाची, गझवान?”

“विटभट्टीकडची.”

हातिम तिथेच राहतो. उस्ताने माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं. त्याने तोंडावरून तळहात फिरवला.

“चारला सोड,” तो म्हणाला. “एक तास. जास्त नको.”

तीनला दुसऱ्या पाळीचा माणूस आला, मी उस्ताला गाडीतून घरी नेलं. चारला पंखे सुरू झाले. काय सांगू, म्हातारे हात वर करून त्याच्या आईसाठी दुवा मागायला लागले, भावाने त्याचं कपाळ चुमलं. उस्ता खुर्चीत बसला, कडू कॉफीचा पेला हातात तसाच.

साडेचारला हातिम आला. शर्ट अंगाला चिकटलेला. आईसाठी फातिह्याची दुआ वाचली आणि उस्ताशेजारीच बसला.

“माफ कर, उस्ता. पोरीला काल रात्रीपासून ताप. बर्फासाठी गावभर फिरलो. फोन मेला, चार्ज कुठे करणार?”

“आता कशी आहे?”

“दुपारी जरा उतरला होता. कूलर लावून निजवली, तर चारला करंट गेला. आमचं नशीबच तसलं.” मग वर पंख्याकडे बघून म्हणाला, “तुमच्याकडे आहे. चांगलं झालं, आईंची बरकत.”

उस्ता उठला, हातिमचा दंड धरून त्याला आपल्या खुर्चीत, बरोबर पंख्याखाली बसवलं, आणि स्वतः मांडवाबाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. खिशातून फोन काढला. गझवानचा नंबर काढला, पण दाबला नाही. आत सगळे म्हातारे बसलेले, अजून अर्धा तास बाकी.

खरं सांग, तू असतास तर लाइन परत विटभट्टीकडे द्यायला लावली असतीस?