सुयांची मोजणी

मनुष्यजातीला लाभलेलं मनःशांतीचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुंदर साधन म्हणजे सुई. हे विधान आमच्या डॉक्टरांचं आहे. ते त्यांनी केलं तेव्हा त्यांच्या हातातली सुई माझ्या दंडात होती, म्हणून मी वाद घातला नाही.

"रक्तदाब कमी करायचा तर हात गुंतवा," ते म्हणाले. "शिवणकाम घ्या. गोधडी शिवा. टाक्यामागे टाका घालत राहायचं, मन आपोआप निवतं."

योगायोगाने त्याच आठवड्यात मुलीने फोनवर सातवा महिना लागल्याची बातमी दिली होती. येणाऱ्या बाळासाठी आजोबांच्या हातची गोधडी, असा ठराव आमच्या घरात एकमताने मंजूर झाला. म्हणजे बायकोने मांडला आणि मी मान डोलावली.

आता बायकोबद्दल थोडं सांगायला हवं. ती एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. पोट शिवण्याआधी आत गेलेली प्रत्येक सुई, प्रत्येक चिमटा, कापसाचा प्रत्येक बोळा मोजायचा, आणि मोजणी जुळेपर्यंत सर्जन कितीही मोठा असो, त्याला टाका घालू द्यायचा नाही, हे तिचं काम. तिच्या 'थांबा'पुढे भले भले सर्जन हात वर करून उभे राहिलेले आहेत. निवृत्त झाल्यावर ती हा 'थांबा' घरी घेऊन आली.

मला सुईत दोरा ओवायला वीस मिनिटं लागतात. म्हणून ती रोज सकाळी बारा सुया एकदम ओवून सुयांच्या छोट्या उशीला टोचून ठेवायची. दोरा संपला की पुढची सुई घ्यायची. संध्याकाळी मी शिवण आटोपून उठलो की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "किती?"

"बारा."

"बघून सांगा."

"बघूनच सांगतोय, बारा!"

मी स्वतः चौतीस वर्षं एका कारखान्यात भांडारपाल होतो. भांडारात तूट आली तर दोन मार्ग असतात. एक, साहेबाला सांगायचं. दुसरा मार्ग सगळ्यांना माहीत असतो. माझ्या सबंध कारकिर्दीत तपासणीच्या दिवशी एक बोल्टसुद्धा कमी भरलेला नाही, यावरून मी कोणता मार्ग पत्करला ते सुज्ञांनी ओळखावं.

तर गोधडीच्या दुसऱ्याच आठवड्यात एक सुई कमी भरली. मी मुकाट्याने दुकानात जाऊन अगदी तशाच बारा सुयांचं पाकीट आणलं, चष्म्याच्या घरात दडवलं आणि त्यातली एक उशीला टोचली. "किती?" "बारा." घरात शांतता. डॉक्टर म्हणाले होते ती हीच असावी.

तीन महिने असे गेले. गोधडी झाली. नात झाली. नातीच्या बाविसाव्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. "बाबा, चारला येतोय. आल्या आल्या तिला तुमच्या गोधडीवरच झोपवणार आहे हं. उघडीच ठेवणार, नुसत्या लंगोटात. फोटो काढायचाय."

"या, या," मी म्हणालो आणि फोन ठेवला. मग 'उघडीच' हा शब्द माझ्या डोक्यात शिरला.

मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि चष्म्याचं घर उघडलं. नऊ सुया. म्हणजे तीन वेळा भरपाई केली होती. पहिली सुई खुर्चीखाली मोडली, ती मी स्वतः कचऱ्यात टाकली होती. दुसरी माझ्या डोळ्यांदेखत बेसिनच्या भोकात गेली. तिसरी?

तिसरी मला आठवेना. एक गुरुवार आठवला, टीव्हीवरच्या बातम्या आठवल्या, बातम्या देणाऱ्या बाईंचं जाकीट आठवलं. सुई काही आठवेना.

घड्याळात पावणेतीन झाले होते.

गोधडी पलंगावर घडी करून ठेवली होती. मी ती उलगडली आणि दोन्ही तळव्यांनी दाबत गेलो. काही लागलं नाही. मग कोपरांनी. मग वाटलं, बाळाची कातडी नाजूक, आपण नाजूक भागानेच तपासायला हवं, म्हणून गालाने. फ्रिजवरचं चुंबक आणून फिरवलं. ते विजेचं एक बिल जेमतेम धरून ठेवतं, तीन थरांआडची सुई कुठून ओढणार? मी गुडघ्यांवर बसून गोधडीला गाल लावलेला असताना बायको आत आली.

"काय चाललंय?"

"आराम."

तिने माझ्याकडे बघितलं, हातातल्या चुंबकाकडे बघितलं. "शेवटची मोजणी किती होती?"

"बारा."

"नक्की?"

"नक्की बारा," मी म्हणालो, आणि अक्षरशः खरं बोलत होतो. चौतीस वर्षं मी असाच अक्षरशः खरं बोलत आलो होतो. सांगावं, तर तीन महिन्यांच्या छत्तीस गोष्टी निघणार. न सांगावं, तर... आणि त्या 'तर'च्या पुढे माझं डोकं चालायचं थांबत होतं. गोधडीवर कॉफी सांडून टाकावी असाही विचार आला. कॉफी केलीसुद्धा. पण घाईघाईत ती माझ्याच पायजम्यावर सांडली.

साडेतीनलाच बेल वाजली. चारला म्हणजे चारला येणारी माणसं आमच्या घराण्यात नाहीत, हे मी विसरलो होतो.

मुलगी, जावई आणि जावयाच्या हातात झोपलेलं ते एवढंसं गाठोडं. "अय्या, बाबा, हे तुम्ही शिवलंत?" मुलीने गोधडीवरून हात फिरवला. मी त्या हाताकडे बघत राहिलो. बायकोने गोधडी नीट पसरली. मुलीने बाळाचं दुपटं सोडलं. गुलाबी पाठ, मुठीएवढी. ती पाठ गोधडीपासून वीतभर उंचीवर आली.

"थांब!"

हा आवाज माझा होता. घरात हा शब्द उच्चारायचा अधिकार मला नाही, त्यामुळे सगळेच थबकले.

"सुया बारा आहेत," मी म्हणालो. "पण त्या बारांतल्या तीन त्या बारांतल्या नाहीत."

"बाबा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" जावयाने विचारलं.

बायकोला मात्र पूर्ण समजलं. एका भांडारपालाबरोबर तिने जन्म काढला आहे. "कमी किती पडल्या?"

"तीन. दोन कुठे गेल्या ते माहीत आहे."

"म्हणजे एक आत."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे मोरीवर गेली आणि कोपरापर्यंत हात धुऊन आली. "जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घाला. दिवा लावा. जावईबापू, टॉर्च धरा. तुम्ही" (हे मला) "दोन पावलं मागे."

तिने गोधडी उसवायला घेतली. काठाकडून आत, एक एक धावदोरा. माझे वाकडे टाके, जे मला ठसठशीत म्हणून आवडायचे, ते पटापट सुटत गेले. मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन भिंतीला टेकून उभी होती. बाळ शिंकलं तरी मी दचकलो. तिसऱ्या रांगेनंतर बायकोचे हात थांबले. तिने दोन बोटांनी काहीतरी वर उचललं.

पांढऱ्या दोऱ्यासकट माझी सुई. बाळाचं डोकं जिथे आलं असतं, साधारण तिथेच.

मी खुर्चीत बसलो.

"मिळाली एकदाची," मुलगी म्हणाली आणि रडायलाच लागली.

"हलू नका," बायको म्हणाली. "अजून एक आहे."

मधल्या थरासाठी आम्ही घरातलं एक जुनं ब्लँकेट घातलं होतं. त्याच्या दुमडलेल्या किनारीत ही दुसरी सुई होती, जाड, आणि तिला हिरवा दोरा. मी आयुष्यात हिरवा दोरा वापरलेला नाही. बायको ती घेऊन खिडकीशी गेली आणि तिने तो दोरा उजेडात धरून पाहिला.

"किनार मी शिवली होती," ती म्हणाली. "जावईबापू पहिल्यांदा राहायला आले, त्या आठवड्यात."

"ते ब्लँकेट?" जावयाने टॉर्च खाली केला. "मला वाटलं, लोकर टोचते."

"मोजल्या होत्या मी," बायको म्हणाली.

"असतील," मी म्हणालो. भांडारात माणूस एवढं तरी शिकतोच.

ती परत टेबलाशी आली आणि उरलेली गोधडीही उसवू लागली. "आता माझ्याही मोजणीचा भरवसा नाही," ती म्हणाली. मी न विचारता दुसऱ्या टोकाला बसलो आणि टाके कापायला लागलो. तासाभरात तीन महिन्यांची गोधडी चादरीवर तुकड्यांच्या ढिगाऱ्यात पडली होती. आणखी सुई निघाली नाही. आम्ही दोघांनी प्रत्येक तुकडा उजेडात धरून पाहिला, एकमेकांचाही पाहिला, आणि कुणी किती आहेत ते विचारलं नाही.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "एखादा जुना टॉवेल देता का? हिने माझा खांदा भिजवलाय, आणि हिला ठेवायला काहीतरी हवंय."