घणाखालची सुपारी

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, त्यातली चाळीस मी एकच किस्सा ऐकत जेवले आहे. झाशीतल्या एका जुन्या कारखान्यात आमचे मार्तंडराव वाफेचा घण चालवायचे. तो दोन टनांचा घण ते म्हणे असा अलगद टेकवायचे, की ऐरणीवरच्या सुपारीची नुसती दोन भकलं व्हायची, चुरा नाही. "पाहिलंय कुणी?" मी विचारायचे. बायकांना आत सोडत नसत, त्यामुळे माझी बाजू नेहमीच भक्कम.

पुढे कारखान्याने तो गंजलेला घण वारसा म्हणून दुरुस्त करायचं ठरवलं आणि निवृत्त मार्तंडरावांना बोलावणं आलं. सहा महिने घरात रॉकेलचा वास. वाफेऐवजी कंप्रेसरची हवा जोडली. उद्घाटनाला हे स्वतः घण चालवणार होते. मला धास्ती वेगळीच होती. वर्षभर त्यांचा उजवा हात थरथरत होता, कपातला चहा बशीत यायचा. चारचौघांत हसं झालं तर?

कारखान्याच्या साहेबांनी चांगला दिवस विचारला. यांनी छाती फुगवून सांगितलं, "खंडेनवमी. औजारों का दिन है, साहब." पत्रिका छापल्या.

नवमीला सकाळी यांनी सवयीने घणाला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, शेजारी सुपारीचा गणपती मांडला. पाहुण्यांनी फीत कापली. साहेब म्हणाले, "मार्तंड जी, अब चलाइए." तेव्हा कुठे यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पूजा केलेलं हत्यार आमच्यात त्या दिवशी चालवत नाहीत.

"आज नहीं, साहब. पूजा हो गई."

"तो यह तारीख किसने दी थी?"

"हमने ही."

पाहुणे समोसे खाऊन गेले. खरं सांगते, मला हायसं वाटलं. पण परतीच्या टेम्पोत हे उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. मग मला माझीच लाज वाटली.

दसऱ्याला मीच म्हटलं, "चला, आज दाखवा." कारखान्याला सुट्टी. चौकीदार यांच्या ओळखीचा. "चाची, बस दस मिनट," म्हणत त्याने कंप्रेसर सुरू करून दिला. यांनी अक्षता टाकून पूजा हलवली. आणि सुपारी? ती घरीच राहिली. यांचा हात कालच्या गणपतीकडे गेला.

"अहो! गणपतीला घणाखाली घालता?"

मी मनगटावरचं घड्याळ सोडून ऐरणीवर ठेवलं. निवृत्तीच्या पैशातून त्यांनीच घेतलेलं.

"लीला, हात हलतो गं माझा."

"माहीत आहे. चालवा."

त्यांनी दांडा धरला आणि हात हलायचा थांबला. घण सुसाट खाली आला, काचेला टेकला आणि तिथेच राहिला. वर उचलल्यावर पाहिलं, सेकंदाचा काटा फिरत होता. चौकीदारासमोर मी रडले.

आता पाहुणे जेवायला आले की तो किस्सा मीच सांगते, घड्याळ दाखवून. सगळे माझ्याकडे बघत असतात. यांच्या हातून आमटी सांडते, ती कुणाला दिसत नाही.