इंगळ्यांच्या घरचं सरबत

भालचंद्र पाठक गुरुजींच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा अमडापूरची शाळा जिल्हा परिषदेकडे येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. अल्सरनं त्यांना पार पिळून काढलं होतं. शेवटी अकोल्याच्या दवाखान्यात जठराचा मोठा भाग कापून टाकला, आणि वाळून काडी झालेला भालचंद्र थंडी सरता सरता घरी आला.

घरी सोडताना डॉक्टरांनी त्याला आणि त्याच्या बायकोला, शारदाला, समोर बसवून बजावलं होतं. पोट आता मुठीएवढं उरलंय. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावरही अर्धा-पाऊण तास थांबायचं. प्यायचं तेव्हा चमच्यानं, नाहीतर बारीक घोट घेत. तहान लागली म्हणून पेला तोंडाला लावून रिकामा केला, तर ते पाणी पोटात न थांबता सरळ आतड्यात जाऊन पडेल. दरदरून घाम फुटेल, छाती धडधडेल, भोवळ येईल. त्यात ते गोड असलं तर विचारूच नका. पण म्हणून पाणी तोडायचंही नाही. दिवसभर थोडं थोडं पोटात जातच राहिलं पाहिजे, नाहीतर अंगातलं पाणी आटून माणूस आडवा होईल.

शारदानं हे सगळं मनावर घेतलं. धाकट्याची लहानपणची चांदीची वाटी तिनं फडताळातून काढली आणि एका चमच्यासकट नवऱ्याच्या पिशवीत घातली. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं बाळासारखं वाटी-चमच्यानं पाणी प्यावं, याची भालचंद्रला लाज वाटायची. वर्गात तो फळ्याकडे तोंड करून प्यायचा. पोरं हसत नव्हती, तरी त्याला ती हसताहेत असं वाटायचं.

तो दवाखान्यात असताना त्याचा वर्ग निवृत्ती इंगळे या शिक्षकानं सांभाळला होता. स्वतःचा वर्ग सांभाळून, आणि कुणी न सांगता. निवृत्तीच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीत त्यानं नुकत्याच दोन खोल्या बांधल्या होत्या. शाळेत सगळ्या पोरांना पाण्याचा एकच माठ असावा म्हणून भालचंद्र गावाशी भांडला होता, तेव्हापासून या दोघांचं जमत असे. शाळेतला चहा ते एकाच किटलीतून घेत. तेव्हा आभार मानायला निवृत्तीच्या घरी जावं, हे त्याला अगदी साधं वाटलं, आणि एका संध्याकाळी तो गेला.

निवृत्तीनं सतरंजी अंथरली. त्याच्या बायकोनं, रुखमाबाईनं, लखलखीत घासलेला तांब्या आणि पेला आणून समोर ठेवला. भालचंद्रची पिशवी खांद्यालाच होती. वाटी काढून दोन चमचे पाणी घेणं काहीच अवघड नव्हतं. पण त्याच्या तोंडून निघून गेलं, "नको, मला डॉक्टरांनी बाहेरचं पाणी वर्ज्य केलंय."

असं डॉक्टर कधीच म्हणाले नव्हते.

निवृत्तीनं लगेच तांब्या बाजूला सरकवला. गुरुजींचं पथ्य आहे, आग्रह करू नको, असं त्यानं बायकोला सांगितलं. मग तब्येतीच्या, परीक्षेच्या गोष्टी झाल्या. भालचंद्र निघाला तेव्हा त्याला फार हलकं वाटत होतं. ओढा ओलांडताना त्याच्या ध्यानात आलं की हे हलकं वाटणं म्हणजे सुटका आहे. आपण कशातून तरी सुटलो. कशातून, हे कळलं तेव्हा तो तिथेच थांबला. गावाशी भांडताना, भाषण करताना, एका किटलीचा चहा पिताना त्याला कधी संशय आला नव्हता. निवृत्तीच्या घरात तो याआधी कधी बसलाच नव्हता, एवढंच.

ही गोष्ट त्यानं मनात दाबून टाकली असती. पण दोन-तीन दिवसांनी तो हेडमास्तर भगवंतरावांच्या घरी बसलेला असताना निवृत्ती कपाटाच्या किल्ल्या द्यायला आला. भालचंद्रच्या हातात चहाची बशी होती. चहा तो घोट घोट घेत होता, पण घेत होता. निवृत्तीची नजर बशीवर गेली आणि तिथून भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. त्यानं किल्ल्या दिल्या, दोघांना नमस्कार केला आणि तो गेला. भगवंतरावांनी त्याला बस म्हटलं नाही, चहाही विचारला नाही. ते पुढं शाळेच्या तपासणीविषयी बोलत राहिले. भालचंद्रनं बशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेत निवृत्ती नेहमीसारखा बोलला. ते नेहमीसारखं बोलणं भालचंद्रला जास्त लागलं. त्यानं भांडण काढलं असतं, टोमणा मारला असता, तर काही उत्तर देता आलं असतं. रविवार येईपर्यंत त्याला धड झोप लागली नाही. रविवारी उन्हं तापायच्या आत तो न बोलावता ओढ्यापलीकडे गेला.

त्या दिवशी रुखमाबाईचा भाऊ मोताळ्याहून आलेला होता आणि त्याच्यासाठी तिनं लिंबाचं सरबत केलं होतं. भालचंद्र सतरंजीची वाट न पाहता भुईवरच बसला. म्हणाला, "वहिनी, आज मला काहीतरी प्यायला द्या."

रुखमाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं.

"पथ्याचं कसं, गुरुजी?" निवृत्तीनं विचारलं.

"पथ्य माझं मी पाहीन."

मोठा काचेचा गिलास भरून आला. तिघंही त्याच्याकडे पाहत होते, निदान त्याला तसं वाटलं. त्यानं पिशवीत हात घातला आणि परत काढून घेतला. वाटी काढली, चमच्यानं ओठ भिजवले, तर यांना वाटेल की हा शिवाशिवीनं कचरतोय. त्यानं गिलास तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मध्येच निवृत्ती "हळू, गुरुजी" म्हणाला, ते त्यानं ऐकलं होतं. रिकामा गिलास खाली ठेवून त्यानं, जणू पैज जिंकली आहे, असं सगळ्यांकडे पाहिलं.

घटका-अर्धी घटका बरी गेली. मग कानामागून घाम ओघळला. छाती अशी धडधडायला लागली की सदरा हलताना दिसावा. निघतो म्हणून तो उठायला गेला आणि गुडघ्यावर आला. नव्यानं सारवलेल्या भुईवर त्याला भडाभडा उलटी झाली. पोटात पीळ पडला, आणि धोतरही घाण झालं. निवृत्तीनं आणि त्याच्या मेहुण्यानं त्याला धरून आडवं केलं, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, निवृत्तीचं धुतलेलं धोतर नेसवलं. रुखमाबाई चुलीतली राख आणून भुईवर टाकत होती आणि पत्र्याच्या तुकड्यानं ओढून घेत होती. डोळे मिटले तरी तो पत्र्याचा आवाज त्याला ऐकू येत होता.

मेहुण्याच्या बैलगाडीतून त्याला घरी आणलं. गल्लीतली माणसं ओट्यावर आली. शारदा घाबरून गेली होती. त्याला अंथरुणावर टेकवत तिनं विचारलं, "काय दिलं हो तुम्हाला तिथं?"

"सरबत," तो म्हणाला, आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

आणखी चार शब्द बोलायला हवे होते. एका दमात प्यालो, हे सांगायला काही फार जोर लागला नसता. तो बोलला नाही. आणि तेवढा एक शब्द दारात जमलेल्या शेजारच्या बायकांनी ऐकला, तो गावभर गेला. इंगळ्याच्या घरचं सरबत पाठक गुरुजींना बाधलं. कुणी म्हणालं, पाणीच तसलं. कुणी म्हणालं, ऑपरेशनच्या माणसाला त्यांनी पाजलंच कसं. दुसऱ्या दिवशी भगवंतराव समाचाराला आले आणि खुर्ची ओढून बसत म्हणाले, "तुमी गेलेच काऊन तिकडं? त्याईची विहीर उघडी हाय."

भालचंद्रनं झोप लागल्यासारखे डोळे मिटून घेतले. भगवंतराव थोडा वेळ बसून गेले.

अंगातली ताकद भरून यायला आठवडा लागला. शारदा पुन्हा चमच्यानं ताकाची निवळ, भाताची पेज देऊ लागली. तसंच एकदा पेज भरवता भरवता तिनं गावातली बातमी सांगावी तसं सांगितलं, की शाळेत मधल्या सुटीत भुकटीचं दूध वाटतात ना, ते काम इंगळे गुरुजींकडून काढलं म्हणे. चार-पाच बापांनी येऊन सांगितलं, आमची पोरं त्याच्या हातचं पिणार नाहीत.

भालचंद्रनं चमचा हातानं बाजूला केला. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या नावावर खपवलेलं खोटं, भगवंतरावांकडची बशी, मग तो गिलास.

शारदानं चमचा वाटीत ठेवून दिला. पेजेवर साय धरली.

"मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "मी चार घरी सांगून बसले, त्यांनी काहीतरी दिलं म्हणून."

तिचाही चेहरा उतरला होता. आपण बायकोलाही यात ओढलं, हे त्याच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेला तो काठी टेकत गेला. मधली सुटी झाली होती. व्हरांड्यात दुधाचं पातेलं होतं, शिपाई पळीनं दूध ओतत होता, भगवंतराव उभे होते, आणि आपल्या पोरांना नेमकं कोण दूध देतं हे पाहायला दोन-तीन बाप अजूनही येत, ते खांबाला टेकून होते. निवृत्ती आपल्या वर्गाच्या दारात वह्या तपासत बसला होता.

भालचंद्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की इंगळ्यांच्या सरबतात काही दोष नव्हता. आपल्याला एका दमात काही प्यायची आणि गोड घ्यायची डॉक्टरांची सक्त मनाई होती. आपण ती मोडली, म्हणून आजारी पडलो. घरच्या विहिरीचं पाणी तसं प्यालो असतो तरी हेच झालं असतं.

भगवंतराव जरा चिडून म्हणाले, "मनाई होती तं मंग काऊन प्याले?"

"आधी एकदा त्यांच्या घरी पाण्याला नाही म्हणालो होतो. ते भरून काढायला."

"मंग तवा काऊन नाही म्हणाले?"

पोरं दुधाच्या वाट्या हातात घेऊन बघत होती. भालचंद्रच्या ओठांवर उत्तर होतं, आणि ते व्हरांड्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तो ते बोलू शकला नाही. मान खाली घालून उभा राहिला. खांबाला टेकलेल्या बापांपैकी एक जण हसला, आपल्यातलाच निघाला म्हणून हसावं तसा. ते हसू भालचंद्रला कानफटात बसल्यासारखं लागलं. निवृत्तीनं वहीतून मान वर केली नाही.

दुधाचं काम पुढच्या आठवड्यात निवृत्तीकडे परत आलं. तरी काही पोरं घरून पितळी गडूत दूध आणायला लागली होती, ती आणतच राहिली.

भालचंद्र एका संध्याकाळी निवृत्तीकडे माफी मागायला गेला. निवृत्ती दारातच भेटला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मले नोका सांगू, गुरुजी. सारं रुखमानं काढलं. तिले सांगा."

रुखमाबाई मागच्या अंगणात सुपात तूर निवडत बसली होती. भालचंद्र काठीवर भार देऊन उभा राहिला आणि जे बोलायचं ठरवून आला होता ते बोलला. तिनं हात थांबवले नाहीत. तो बोलायचा थांबला तेव्हा ती म्हणाली, "मले वाटलं तुमी गेले. त्या दिशी तुमी आमच्या घरात मेले असते, तं गावानं आमचं काय केलं असतं, हे तुमच्या मनात आलं होतं का गुरुजी, गिलास तोंडाले लावताना?"

नव्हतं आलं. आपण उदार दिसावं, एवढंच त्याच्या मनात आलं होतं.

"नाही," तो म्हणाला.

तिनं मान हलवली, एवढं तरी खरं बोललात अशी, आणि सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. दिवसभराच्या उन्हानं त्याचा घसा कोरडा पडला होता. तिनं पाणी विचारलं नाही, आणि मागायला त्याला तोंड नव्हतं. थोडा वेळ थांबून तो निघाला. ओढ्याच्या अलीकडे एका दगडावर बसून त्यानं पिशवीतून घरच्या पाण्याची बाटली आणि वाटी काढली, आणि अंधार पडेपर्यंत चमच्या-चमच्यानं पाणी घेत तो तिथेच बसून राहिला.